बाग्योची सनद आणि कारिन्योचे कुंपण

1 सप्टेंबरला बाग्योत सुटी असते. उरलेल्या फिलिपिन्समध्ये नसते. मनिलातल्या कचेऱ्या त्या दिवशी नेहमीसारख्या उघडतात, डोंगराखालच्या पंगासिनान प्रांतात शाळांची घंटा वाजते, आणि दीड हजार मीटर उंचीवरच्या या एकट्या शहरात शाळा-कचेऱ्या बंद ठेवून मिरवणूक निघते. ऐन पावसाळा असतो. सेशन रोडच्या चढावर धुके उतरलेले असते, आणि त्यातून आधी वाजंत्रीचा आवाज येतो, मग माणसे दिसतात. शाळकरी मुलांच्या वाद्यवृंदामागे डोंगरातल्या लोकांचा ताफा असला, तर त्यांच्या हातात गान्सा असतात. गान्सा म्हणजे काशाची चपटी घंटा, आपल्या थाळीसारखी. ती काठीने किंवा तळहाताने वाजवतात.

ही सुटी 1989 च्या एका कायद्याने ठरली. दिवस मात्र 1909 चा आहे. त्या वर्षी 1 सप्टेंबरला बाग्योची सनद अमलात आली आणि हे डोंगरातले गाव कायद्याने शहर झाले.

फिलिपिन्समध्ये शहर होणे हा असा तारीखवार घडणारा प्रसंग असतो. नुसती वस्ती वाढली म्हणून गावाला शहर म्हणत नाहीत. त्यासाठी स्वतंत्र कायदा व्हावा लागतो. आज तर उत्पन्नाची अट असते, लोकसंख्येची किंवा क्षेत्रफळाची असते, आणि शेवटी गावकऱ्यांचे मतदानही घ्यावे लागते. मग ती तारीख गावाची होते. सेबूची 24 फेब्रुवारी, दावाओची 16 मार्च, बाग्योची 1 सप्टेंबर. प्रत्येक गावाची जत्रा तिथेही असते. ती फिएस्ता, गावच्या संताच्या नावाने होणारी. पण सनदेचा दिवस देवाचा नसतो, कायद्याचा असतो. म्हणून तो कायदा कोणी केला, कोणासाठी केला आणि कोणाच्या जमिनीवर केला, हे विचारायला हवे. बाग्योच्या बाबतीत त्याचे उत्तर त्याच 1909 सालात, सहा महिने आधीच्या एका न्यायालयीन निकालात आहे.

बाग्योचे जुने नाव काफाग्वाय. भोवताली पाइनचे डोंगर, मध्ये गवताळ खोलगट जागा आणि त्यात इबालोय लोकांची थोडी घरे. ‘बाग्यो’ हा शब्द इबालोय भाषेतल्या शेवाळाच्या ‘बागिव’ या नावावरून आला असे मानतात. स्पॅनिश लोकांनी मनिला 1571 मध्ये घेतली, पण हे डोंगर त्यांच्या हाती शेवटपर्यंत धड आले नाहीत. 1829 मध्ये गियेर्मो गाल्वे हा अधिकारी फौज घेऊन शेजारच्या खोऱ्यात शिरला. पुढे त्या खोऱ्याला त्याच्या बायकोचे नाव मिळाले, ला त्रिनिदाद. 1846 पासून हा सारा भाग, बेंगेत, स्पॅनिशांचा लष्करी जिल्हा झाला. तरी डोंगरातले जिणे इबालोयांच्या रीतीनेच चालू होते.

त्या जिण्याचा कणा गुरे हा होता. इबालोयांतल्या धनवंतांना बकनांग म्हणत. त्यांच्याकडे गुरांचे कळप असत, सोन्याचा व्यवहार असे, आणि मोठ्या सणाला डुकरे कापून गावजेवण घालण्याची ऐपत असे. माणसाचा मान त्या जेवणावरून ठरायचा. मातेओ कारिन्यो हा अशांपैकी एक. त्याचा आजा या जमिनीवर राहिला, गुरे बाहेर जाऊ नयेत म्हणून त्याने भक्कम कुंपणे घातली. बापाने काही भाग पिकाखाली आणला, बाकीच्यात गुरे चारली. मातेओला ती जमीन इगोरोत रिवाजाप्रमाणे वारशाने मिळाली. (इगोरोत म्हणजे या डोंगरांतले सगळे लोक, इबालोय हे त्यांतले एक.) शेजाऱ्यांनी ती त्याचीच मानली होती. एवढे सगळे होते, कागद मात्र नव्हता. आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव नसलेल्या माणसाची जी गत होते, तीच इथे व्हायची होती.

मातेओ कागदाच्या बाबतीत गाफील नव्हता, हे मुद्दाम सांगायला हवे. डोंगरातल्या माणसाला कायदा कळत नव्हता म्हणून त्याची जमीन गेली, असे सांगायची सवय राज्यकर्त्यांना असते. त्याने 1893-94 मध्ये स्पॅनिश सरकारकडे अर्ज केला. 1896-97 मध्ये पुन्हा केला. हाती काही आले नाही. अमेरिकन आल्यावर 1901 मध्ये त्याने जमीन नोंदवून घेतली. त्या नोंदीने वहिवाट तेवढी सिद्ध झाली, मालकी नाही.

अमेरिकनांनी फिलिपिन्स 1898 च्या तहात स्पेनकडून घेतले. त्याआधी आणि त्यानंतरही फिलिपिनो स्वातंत्र्यासाठी लढत होते, आणि ती लढाई चालू असतानाच नव्या राज्यकर्त्यांना मनिलाच्या उकाड्याची काळजी लागली होती. हिवताप, आमांश, उन्हाने थकलेले अधिकारी. ब्रिटिशांनी हिंदुस्थानात यावर काय केले होते, हे त्यांच्या डोळ्यांसमोर होते. त्यांना स्वतःचे सिमला हवे होते. जुलै 1900 मध्ये डीन वूस्टर आणि ल्यूक राइट हे अमेरिकेने नेमलेल्या फिलिपिन आयोगाचे दोन सदस्य डोंगर चढून हवा पाहायला आले. वूस्टर हा प्राणिशास्त्रज्ञ. पाइनचा वास आणि थंड वारा अंगावर घेऊन तो परतला, आणि पुढची तेरा वर्षे या जागेची बाजू लढवत राहिला.

मराठी वाचकाला ही गोष्ट ओळखीची वाटेल. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने 1829 मध्ये साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंहांकडून महाबळेश्वरचा डोंगर मागून घेतला, बदल्यात खंडाळा गाव दिले, आणि डोंगरावरच्या पेठेला त्याचे नाव पडले, माल्कमपेठ. बाग्योची सनद ज्याने लिहिली त्याचेही आडनाव माल्कम. तो दुसरा, जॉर्ज माल्कम. सेशन रोडच्या पायथ्याशी त्याच्या नावाचा चौक आहे. दोन्हीकडे स्ट्रॉबेरीचे मळेही पिकले, इथे पाचगणी-महाबळेश्वरला आणि तिथे ला त्रिनिदादला. पण एक फरक आहे. महाबळेश्वरच्या मोबदल्यात छत्रपतींना निदान एक गाव मिळाले. काफाग्वायच्या मोबदल्यात कोणी काही दिलेले नव्हते.

हवा पाहून झाली, आता वाट हवी होती. बुएद नदीच्या घळीतून रस्ता काढायचे ठरले. 1901 मध्ये कॅप्टन मीड याने काम सुरू केले तेव्हा अंदाज होता पाऊण लाख डॉलरचा. शेवटी खर्च वीस लाखांच्या आसपास गेला. दरडी कोसळत, पुलांचे पूल पुरात वाहून जात, तळावर पटकी आणि हिवतापाने माणसे मरत. 1903 मध्ये मेजर लायमन केनन आला आणि त्याने मिळतील तिथून मजूर आणले. इलोकानो, पंगासिनानचे लोक, चिनी, जपानी, डोंगरातले इगोरोत. कामाच्या ऐन भरात चार हजारांच्या घरात माणसे होती. जानेवारी 1905 मध्ये पहिली गाडी वर पोचली. त्या रस्त्याला आज केनन रोड म्हणतात. जपानी मजुरांतले बरेच जण काम संपल्यावर परत गेले नाहीत. ते बाग्योतच सुतार, गवंडी, माळी झाले. या शहराची कितीतरी जुनी घरे त्यांच्या हातची होती, आणि या रस्त्यावर जे मेले त्यांच्याही हाडांवर हे शहर उभे आहे.

रस्ता पुरा व्हायच्या आधीच सरकार वर येऊन बसले होते. 1903 मध्ये बाग्यो ही उन्हाळी राजधानी ठरली, 1904 च्या उन्हाळ्यात फिलिपिन आयोगाची इथली पहिली बैठक भरली. त्या बैठकीवरून, म्हणजे सेशनवरून, सेशन रोड हे नाव आले. त्याच सुमारास शिकागोचा नामांकित वास्तुविशारद डॅनियल बर्नम मनिलाला येऊन गेला. बाग्योत त्याने थोडेच दिवस काढले आणि 1905 मध्ये आराखडा दिला. मध्ये लांबरुंद हिरवळ, एका टोकाला नगरपालिका, दुसऱ्या बाजूला सरकारी इमारती, डोंगराच्या वळणाने जाणारे रस्ते. तो आराखडा पंचवीस हजार वस्तीचा होता. 2020 च्या जनगणनेत बाग्योत 3,66,358 माणसे मोजली गेली. ती हिरवळ आज बर्नम पार्क म्हणून टिकून आहे. बाकीच्या डोंगरउतारांवर घरावर घर चढलेले आहे.

मे 1906 मध्ये बाग्योतल्या भूखंडांचा लिलाव झाला. मनिलातले अमेरिकन अधिकारी, व्यापारी, श्रीमंत फिलिपिनो कुटुंबे यांनी बंगल्यांसाठी जागा घेतल्या. शेजारी 1903 पासूनच अमेरिकन लष्कराने विश्रांतीसाठी मोठे आवार राखून ठेवले होते, त्याला परराष्ट्रमंत्री जॉन हे याचे नाव दिले होते. लिलावात विकली गेलेली आणि लष्कराने राखलेली ही जमीन सरकारी आहे, असे गृहीत धरले होते. मातेओ कारिन्योला ते मान्य नव्हते.

त्याने जून 1903 मध्ये 146 हेक्टर जमिनीसाठी भूमी नोंदणी न्यायालयात अर्ज केला. 1904 मध्ये त्या न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला. मग सरकारने अपील केले, आणि बेंगेतच्या न्यायालयाने अर्ज फेटाळला. मनिलाच्या सर्वोच्च न्यायालयानेही तेच केले. सरकारचे म्हणणे असे होते: स्पेनने साऱ्या बेटांची जमीन राजाची ठरवली होती. 1880 च्या स्पॅनिश हुकुमाने जमीन नोंदवायची मुदत दिली होती. ज्याने नोंदवली नाही त्याची जमीन राजाची, आणि राजाची म्हणजे आता आमची. या युक्तिवादाने सबंध डोंगरांतला एकही माणूस आपल्या जमिनीचा मालक उरत नव्हता.

कारिन्योच्या वतीने न्यूयॉर्कचे वकील फ्रेडरिक कूडर यांनी वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. 23 फेब्रुवारी 1909 ला निकाल लागला. तो लिहिला न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी, आणि खालच्या न्यायालयांचा निकाल फिरवला. आजपर्यंतच्या स्मरणात जी जमीन खासगी मालकीची म्हणून कसली गेली, राखली गेली, ती स्पेनच्या स्वारीआधीपासून तशीच होती असे समजले पाहिजे. ती कधी सरकारी जमीन झालीच नव्हती. अमेरिकेने 1902 च्या कायद्याने फिलिपिन्समधल्या कोणाही माणसाची मालमत्ता रीतसर न्यायाशिवाय काढून घेणार नाही असे वचन दिले होते. त्यातल्या ‘कोणाही माणसा’त बेंगेतचे लोक येत नाहीत असे समजणे कठीण आहे, असे होम्स यांनी लिहिले. आणि पुरावा म्हणून त्यांनी कशाचा उल्लेख केला? आज्याने गुरांसाठी घातलेल्या त्या कुंपणांचा. मनिलातल्या तिजोऱ्यांत ठेवलेल्या कागदांपेक्षा डोंगरावरचे कुंपण त्या दिवशी भारी ठरले. कोर्टकचेरीच्या इतिहासात अशी वेळ फार थोड्यांदा येते.

निकाल ऐकायला मातेओ नव्हता. तो आदल्या वर्षीच गेला.

त्यानंतर सहा महिन्यांनी सनद आली. ती तयार केली 27 वर्षांच्या जॉर्ज माल्कमने. हा मिशिगन विद्यापीठात शिकलेला वकील. पुढे फिलिपिन विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाची उभारणी त्याच्या हातून झाली आणि तो सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाला. कायदा क्रमांक 1963. मनिलानंतर सनद मिळालेले हे दुसरे शहर. पण ही सनद ज्यांनी मंजूर केली त्यांच्यात लोकांनी निवडून दिलेला एकही माणूस नव्हता. 1907 पासून फिलिपिन्समध्ये निवडून आलेली विधानसभा होती, तरी ज्या डोंगरी भागांतले लोक ख्रिस्ती नव्हते त्या भागांचे कायदे ती करू शकत नसे. ते अधिकार फक्त नेमलेल्या आयोगाकडे होते. तेव्हा बाग्यो शहर झाले ते आयोगाच्या सहीने. महापौरही निवडलेला नव्हता, गव्हर्नर-जनरल नेमी. पहिला महापौर ई. डब्ल्यू. रीडर. इबालोयांना कोणी काही विचारले नाही, मतदान तर दूरच. आज गाव शहर व्हायचे तर गावकऱ्यांचा कौल लागतो. बाग्योच्या जन्माला तो नव्हता, ही गोष्ट मिरवणुकीच्या भाषणांत ठळकपणे यायला हवी असे मला वाटते.

शहर वाढू लागले. 1911 च्या जुलैत निसर्गाने त्याची परीक्षा घेतली: 14 आणि 15 तारखेच्या चोवीस तासांत 1168 मिलिमीटर पाऊस कोसळला. तेव्हापर्यंत जगात कुठे एवढा पाऊस नोंदला गेला नव्हता. रस्ता वाहून गेला, पुन्हा बांधला. 1920 ते 1937 ही सतरा वर्षे युसेबियस हाल्सेमा हा अमेरिकन अभियंता महापौर होता. पाणी, वीज, बाजार, डोंगरातले रस्ते यांत त्याने आयुष्य घातले आणि इथेच म्हातारा झाला. मार्च 1945 मध्ये जपान्यांच्या ताब्यातल्या बाग्योवर अमेरिकन विमानांनी बाँब टाकले, त्यात तो मारला गेला. ज्या देशाने त्याला पाठवले त्याच देशाच्या बाँबने. त्या बाँबफेकीत शहर भुईसपाट झाले, आणि जे वाचले त्यांतल्या हजारोंनी टेकडीवरच्या कॅथेड्रलचा आसरा घेतला होता. त्या वर्षीच्या सनददिनानंतर दोनच दिवसांनी, 3 सप्टेंबर 1945 ला, जपानी जनरल यामाशिता कॅम्प जॉन हेमध्ये रीतसर शरण आला. 16 जुलै 1990 च्या भूकंपात बाग्यो पुन्हा कोसळले. हॉटेले पडली, खालून वर येणारे तिन्ही रस्ते बंद झाले, शहर काही दिवस एकटे पडले.

या सगळ्यात कारिन्योच्या निकालाचे काय झाले, ते सांगायचे राहिले. 13 नोव्हेंबर 1922 ला एका न्यायालयाने बाग्यो शहरठाण्याच्या, म्हणजे शहरासाठी आखलेल्या जागेच्या, हद्दीतली जमीन, खासगी म्हणून सिद्ध झालेले आणि खास कामासाठी राखलेले तुकडे सोडून, सरकारी जाहीर केली. होम्स यांचा निकाल तेरा वर्षे जुना झाला होता. ज्या इबालोयांना नोटीस कळली नाही, वाचता आली नाही, किंवा वेळेत मनिलाचा वकील परवडला नाही, त्यांची जमीन त्या तारखेला गेली.

बाहेर मात्र तो निकाल फळत होता. 1997 मध्ये फिलिपिन्सने आदिवासी हक्कांचा कायदा केला. जमीन सरकारने दिली म्हणून आपली नसते, ती आधीपासूनच आपली असते, हे त्याचे मूळ तत्त्व आणि ते सरळ कारिन्योच्या खटल्यातून घेतलेले. त्या कायद्याला आव्हान दिले गेले तेव्हा 2000 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सात विरुद्ध सात असे विभागले, आणि कायदा टिकला. मिंदानाओपासून उत्तर लुझॉनपर्यंतचे आदिवासी आज मातेओच्या आज्याने घातलेल्या कुंपणाचा आधार घेतात. फक्त बाग्योतल्यांना तो मिळत नाही. त्याच कायद्याचे कलम 78 म्हणते की बाग्यो शहर आपल्या सनदेप्रमाणेच चालेल, आणि शहरठाण्याची म्हणून राखलेली जमीन तशीच राहील. ज्या डोंगरावर हे तत्त्व जन्मले, तोच डोंगर त्यातून वगळला, आणि वगळायला कारण दाखवले ते 1909 च्या सनदेचे.

2009 मध्ये सनदेची शंभर वर्षे साजरी झाली. त्या वर्षी इबालोयांनी आपला दिवस मागून घेतला आणि नगरपालिकेने तो दिला: 23 फेब्रुवारी, कारिन्यो निकालाची तारीख. बर्नम पार्कच्या एका कोपऱ्यात इबालोय वारसा उद्यान आहे. त्या दिवशी तिथे लोक गोळा होतात. सोलिबाओ नावाचा लांबट ढोल आणि गान्सा यांच्या ठेक्यावर हात पसरून गोल फिरतात, म्हातारी माणसे आधी नाचात उतरतात. डुकरे कापली जातात, आणि प्रत्येकाच्या हातात उकडलेल्या मांसाचा वाटा ठेवतात, त्याला वातवात म्हणतात. आलेला कोणीही माणूस हात हलवत परत जात नाही. बकनांगांच्या गावजेवणाचीच ती रीत, आता सगळ्यांनी मिळून चालवलेली.

सनददिन ही बाग्योची खरी सुटी आहे, आणि ती असावी. मजुरांनी घळीतून रस्ता काढला, बाँबने आणि भूकंपाने मोडलेले घर लोकांनी पुन्हा उभे केले, खालून आलेल्या इलोकानो कुटुंबांच्या चार पिढ्या इथे जन्मल्या. त्यांनाही आपल्या गावाचा दिवस हवा. पण माझ्या मते ते शहर 1909 मध्ये दोनदा जन्मले, एकदा फेब्रुवारीत आणि एकदा सप्टेंबरात. यांतला पहिला जन्म मोठा.

2022 मध्ये बाग्योला नवी, सुधारलेली सनद मिळाली. राष्ट्राध्यक्षांची सही न होता मुदत उलटून ती कायदा झाली. मातेओ कारिन्योने जिंकलेली जमीन त्याच्या वारसांना अजून मिळालेली नाही.